जुन्या सेडानचं सस्पेन्शन आणि चाकं: पैसे आधी रबरावर घाला

तुम्ही कळवलेली हकिगत थोडक्यात अशी: गाडी १४ वर्षांची, १,६०,००० किमी चाललेली, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई), लोखंडी रिमवर १९५/६५ आर१५ चे टायर. वेगात गाडी तरंगते, ब्रेक लावला की नाक खाली घालते, खड्ड्यात धाडकन आवाज येतो. मागच्या सीटवर आई-वडील बसतात. तुमचा बेत आहे गाडी ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि २२५/४० आर१८ ची अलॉय घालायचा. शॉकअप गळत नाहीत म्हणून तेच ठेवायचे.

हा बेत चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही सांगितलेल्या तीनपैकी एकही तक्रार त्याने जाणार नाही, दोन तर वाढतील. गाडी जुनी झाली म्हणजे मुख्यतः तिचं रबर आणि शॉकअपमधल्या झडपा जुन्या झाल्या. पत्रा, आर्म, बीम हे सगळं बहुधा अजून धडधाकट असतं. हे झिजलेले भाग, म्हणजे बुश (सांध्यांतल्या रबरी बैठका), माउंटिंग, शॉकअप आणि टायर, बदललेत की तुमच्या गाडीचं मूळचं बसणं-वळणं परत येतं. त्यानंतर सुधारणा करायची असेल तर तिला पाया मिळतो.

आधी तरंगण्याबद्दल. स्प्रिंग फक्त गाडी तोलून धरते. चाक उंचवट्यावरून गेलं की ती दबते आणि घेतलेली सगळी ताकद परत करायला बघते. ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. आतलं तेल बारीक वाटांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि उसळी उष्णतेत जिरते. झडपा सैल झाल्या, आतला गॅस कमी झाला, तेल पातळ पडलं, की बाहेर एक थेंबही न गळता शॉकअप निकामी होतो. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याच्या अंगाला त्याची सवय होऊन जाते. त्यामुळे ‘गळत नाही’ ही खूण धरून चालू नका. मडगार्ड दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धतही तितकीच कच्ची आहे. हाताने दाबल्यावर दांडा ज्या सावकाश वेगाने सरकतो, तिथे नुसत्या सीलच्या घर्षणानेसुद्धा गाडी थांबते.

त्यापेक्षा टायरला विचारा. गाडी उभी करून टायरच्या घेरावरून तळहात सावकाश फिरवा. हाताला लाटा लागल्या, म्हणजे एक ठिकाण उंच, पुढचं खोलगट, पुन्हा उंच, तर ते चाक धावताना रस्त्यावर आपटत, उड्या मारत चाललंय. शॉकअप थकल्याची खूण बहुतेक वेळा तीच. (बॅलन्स बिघडलेलं चाक किंवा ढिली बेअरिंगही टायर असा झिजवू शकते, म्हणून तेही बघून घ्यायचं.) दुसरी खूण म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर मागची बाजू एकदा बसून थांबते की पुन्हा वर येते. हे मागे बसलेल्याला जास्त कळतं. आई-वडिलांना विचारा.

आता अशा थकलेल्या शॉकअपवर तुम्ही जास्त कडक स्प्रिंग बसवलीत तर काय होईल? स्प्रिंग जितकी कडक तितकी तिची उसळी जोरदार, आणि ती आवरणारा हात आधीच कमजोर. त्यात ४० मिमी खाली बसल्याने शॉकअपचा दांडा कायम अर्धा आत गेलेला. समजा चाकाला वर जायला मूळची ८० मिमी जागा होती. त्यातली निम्मी गाडी उभी असतानाच संपली. पाच माणसं आणि सामान भरलं की उरलेली बम्प स्टॉपने (दांड्यावरचा शेवटचा रबरी अटकाव) खाल्ली. मग प्रत्येक खड्डा सरळ बॉडीत. तुमचा ‘धाडकन’ आवाज कायमचा मुक्कामाला येईल.

खड्ड्यातला आवाज, ब्रेकमध्ये गाडी ओढणं, स्टीअरिंगचा सैलपणा, यांच्या मुळाशी बहुतेक वेळा रबर असतं. एक उदाहरण सांगतो. अशीच एक सेडान माझ्याकडे आली होती. नवी १७ इंची अलॉय, नवे टायर, वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा अलाइनमेंट, आणि तरी ब्रेक लावला की गाडी डावीकडे जायची. मालक बिचारा चौथ्या अलाइनमेंटसाठी आला होता. गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात) मागच्या बुशापाशी पहार टेकवली आणि हलका जोर दिला. बुशाचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटलं होतं. करंगळी शिरेल एवढी फट उघडली आणि अख्खं चाक मडगार्डमध्ये मागे सरकलेलं मालकाने डोळ्यांनी बघितलं. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. ब्रेक लावल्यावर ते चाक कुठे पळतं, हे त्या मापात येतच नाही. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, एकदा अलाइनमेंट केली, गाडी सरळ थांबायला लागली. चाकांवर घातलेले पैसे वाया गेले नाहीत, पण ते नंतर घालायचे होते.

तेव्हा पहिला दिवस फक्त तपासणीचा ठेवा. पहारेने लोअर आर्मचे दोन्ही बुश. चाक वर-खाली धरून हलवून बॉल जॉइंट, आडवं धरून टाय रॉड एंड. बेअरिंगही याच वेळी कळते, एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने खेळ नेमका कुठे आहे तिथे बोट ठेवायचं. अँटी रोल बारच्या (वळणात गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा) लिंक रॉडचा आवाज ओळखीचा असतो: बारीक खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना टक-टक, टक-टक, आणि मोठ्या खड्ड्यात उलट काहीच नाही. टॉप माउंटिंगसाठी स्प्रिंगच्या कडीवर हात ठेवून दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडत-अडत, झटक्याने सुटत असेल तर वरची बेअरिंग गेली. मागच्या टॉर्शन बीमला पुढच्या बाजूला दोनच मोठे बुश असतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. लेन बदलताना मागची बाजू अर्धा क्षण उशिरा येतेय असं वाटत असेल तर तेच बघा. रबराचे टोप फाटलेले सांधे आज ढिले नसले तरी धरा की गेले. आत धूळ-पाणी शिरलेलं असतं.

बुश बसवताना एक गोष्ट अशी आहे जी मेकॅनिकला तुम्ही स्वतः आठवण करून द्या. मूळचा रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. त्याचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, आणि बोल्ट आवळला की आतली नळी त्या कोनात कायमची पकडली जाते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर तो कोन चुकीचा धरला जातो. गाडी खाली उतरली की बुश उभ्या जागीच पिळलेला, आणि प्रत्येक खड्ड्यात त्याहून जास्त पिळणार. असे नवेकोरे बुश काही महिन्यांत फाटतात आणि दोष पार्टला दिला जातो. मी स्वतः शिकाऊ असताना एका गाडीचे आर्म असेच हवेत आवळले होते. तिचे बुश वर्षाच्या आत परत माझ्याच समोर आले, रबराला एकाच बाजूने चीर. तेव्हापासून बोल्ट हाताने लावायचे, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्यायचं किंवा आर्मखाली जॅक लावून गाडी उभी असते त्या उंचीला आणायचं, आणि मगच शेवटचा आवळ. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात.

पॉलियुरेथेनचे बुश घालू का, हा प्रश्न पुढे येणारच. घरच्या गाडीत लोअर आर्मला नको. ते कडक असतात, रस्त्याची थरथर आत आणतात, ग्रीस सुकलं की कुरकुरतात, आणि जिथे आर्म एकापेक्षा जास्त दिशांना हलतो तिथे अडतात. अँटी रोल बारच्या पकडीला मात्र चालतात, तिथे त्यांचा फायदा जाणवतो आणि त्रास कमी.

आता शॉकअप. या वयाच्या गाडीला चारही बदला. पुढचे नवे आणि मागचे जुने अशी गाडी लांब उंचवट्यावर मागून झुलत राहते. मॅकफर्सन रचनेत पुढचा स्ट्रट हा नुसता शॉकअप नाही, चाक उभं धरणारा खांबही तोच. त्यामुळे दांड्याचा मार्गदर्शक बुश झिजला की वळणात चाकाचा कलही हलतो. घरच्या गाडीला मूळ बनावटीच्या तोडीचा गॅसचा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप पुरेसा आहे. थोडी पकड हवी असेल, पण उंची तीच ठेवायची असेल, तर एक पायरी कडक घ्या. उदाहरणार्थ बिलस्टाइनच्या श्रेणीत बी४ हा मूळच्या जागी घालायचा, बी६ मूळच्या उंचीसाठी पण जास्त कडक, आणि बी८ हा खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांसाठी आखूड केलेला. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगेला वेगळा आखूड शॉकअप लागतो, म्हणून तर कंपनीने तो वेगळा काढलाय. तुम्ही कुठल्याही कंपनीचा घ्या, हा फरक विचारून घ्या. मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप तापला तरी टिकून राहतो, पण लहान खड्ड्यांवर तो जास्त टोचतो. मागे वयस्क माणसं असतील तर विचार करून.

शॉकअप काढताच आहात तर टॉप माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप, धुळीचं आवरण आणि दांड्याचं नट नवीनच घाला. हे नंतर बदलायचं म्हटलं तर सगळी मजुरी पुन्हा. जुना बम्प स्टॉप हातात घेऊन दाबा, बऱ्याचदा त्याचा भुगा होतो. तुमच्या ‘धाडकन’चा अर्धा खुलासा तिथेच मिळेल असं मला वाटतं. दांड्याचं नट इम्पॅक्ट गनने सोडवू-आवळू देऊ नका, दांडा आत गरगर फिरतो आणि सीलला इजा होते. दांड्याच्या चकाकी असलेल्या भागाला पकड लावली तर पहिल्याच आठवड्यात तेल येईल. आणि स्प्रिंग कम्प्रेसरचं काम घरी पहिल्यांदाच करणार असाल तर करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते, जीवही जाऊ शकतो.

स्प्रिंगा बदलायच्या का हे मोजून ठरवा. सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर असताना, चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घ्या. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल, किंवा खालच्या टोकाची कडी गंजून तुटलेली असेल, तर जोडीने बदला. नाहीतर जुन्याच राहू द्या, स्प्रिंग सहसा टिकते.

गाडी खाली बसवण्याचा मोह मला समजतो, दिसायला ती उमदी दिसते. पण मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती वळणात कलते, तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे वजन थोडं खाली आलं, पण कलंडायला मिळणारा दांडा लांब झाला, आणि स्प्रिंगेचा वाढलेला कडकपणा त्याची भरपाई करण्यातच खर्ची पडतो. टाय रॉडचा कोनही बदलतो, मग खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप थोडं वळतं आणि स्टीअरिंग हातात तडफडतं. करायचंच असेल तर १५-२० मिमी, आखूड शॉकअपसकट, आणि मागच्या सीटवर माणसं बसवून बम्प स्टॉपपर्यंत किती जागा उरते ते बघून. तुमच्या जागी मी मूळ उंचीच ठेवेन.

कल कमी करायचा स्वस्त आणि उतरवता येणारा उपाय म्हणजे जाड अँटी रोल बार. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २० मिमीच्या जागी २२ मिमी घातला की जवळपास ४६ टक्के. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार कडक केला तर वळणात नाक बाहेर जाणं कमी होतं. त्याची दुसरी बाजू अशी की ओल्या रस्त्यावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू सुटू शकते. घरातली सगळीच माणसं गाडी चालवत असतील तर एकाच मापाने वाढवा, त्यापुढे नको.

चाकांचा हिशेब आकड्यांनीच करू. १९५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिमी, आणि रिम १५ इंच. पूर्ण व्यास ६३४.५ मिमी. २०५/५५ आर१६ चा व्यास ६३१.९, तुमचा २२५/४० आर१८ चा ६३७.२. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत, तेव्हा स्पीडोमीटर आणि एबीएसच्या दृष्टीने दोन्ही चालतील. फरक बाजूच्या रबरात आहे: १६ इंचीला ११३ मिमी उरतं, १८ इंचीला फक्त ९०. खड्ड्याचा पहिला मार झेलणारी उशी तीच. तिचे ३७ मिमी काढून घेतले तर तो मार रिमवर, बेअरिंगवर आणि तुम्ही नुकत्याच घातलेल्या बुशांवर जातो. शिवाय १८ इंची रिम आणि टायर बहुतेक वेळा जड निघतात, आणि स्प्रिंगेच्या खालचं वाढलेलं वजन आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. म्हणून माझं माप: २०५/५५ आर१६, जमेल तितकी हलकी रिम. वळणातला नेमकेपणा येतो, आई-वडिलांची पाठही वाचते.

रिम घेताना लोक फक्त बोल्टांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी बघतात. तेवढ्यावर भागत नाही. ऑफसेट, ज्याला ईटी म्हणतात, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे. समजा मूळची रिम ६जे ईटी४५ (६ इंच रुंद, ऑफसेट ४५ मिमी) आहे आणि तुम्ही ७जे ईटी३५ घेतली. रुंदी एक इंच वाढल्याने दोन्ही कडा १२.७ मिमी सरकल्या, ऑफसेट १० ने घटल्याने सगळं चाक बाहेर आलं. बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर. भरलेली गाडी खड्ड्यात बसली की टायर मडगार्डची कड कापणार, आणि स्टीअरिंगही रस्त्याच्या प्रत्येक चरीमागे ओढलं जाणार. २०५/५५ आर१६ ला ६.५जे आणि मूळच्या पाच मिमीच्या आतला ऑफसेट धरा.

मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची कडी घालून ते भरून काढा. नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरतच राहील. बोल्ट किंवा नटाची बैठक निमुळती आहे की गोल, हे रिमेशी जुळलं पाहिजे. निमुळत्या जागी गोल बैठकीचा बोल्ट आवळला जातो, घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर आणि चालता-चालता ढिला होतो. आटे किती बसतात तेही मोजा: एम१२ गुणिले १.५ चा बोल्ट निदान आठ फेरे आत गेला पाहिजे. रिमच्या मागच्या बाजूला भारक्षमता कोरलेली असते; ती नसेल तर कितीही देखणी असली तरी परत ठेवा.

टायरवर वजनाचा आकडाही बघा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. मूळच्या आकड्यापेक्षा खाली जाऊ नका. बाजूच्या भिंतीवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तयार झाल्याची तारीख सांगतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी जुना कडकडीत टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. एक सांगतो: चांगल्या टायरसह लोखंडी रिमची गाडी, सामान्य टायरसह सुंदर अलॉय घातलेल्या गाडीपेक्षा लवकर थांबते. पैसे कमी पडले तर रिम पुढच्या वर्षी घ्या, टायर आत्ता.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि एकदाच. नवं रबर आणि स्प्रिंगा बसायला आठवडाभर गाडी चालवा, मग जा. सामान नेहमीइतकं, हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेली. कामाच्या आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत) मोजक्या मिनिटांत लावून देतील. कॅम्बर (चाकाचा उभा कल) बऱ्याच गाड्यांत जुळवता येत नाही, पण डाव्या-उजव्यात ठळक फरक आला तर ‘चालतंय’ म्हणून सोडू नका, कुठेतरी आर्म वाकलेला किंवा स्ट्रट चुकीचा बसलेला असतो.

नवी चाकं घातल्यावर ५० ते १०० किमीनंतर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. अलॉयवरचा रंग दबून ते थोडे सैल होतात. आणि मूळच्या लोखंडी रिमपैकी चांगली एक स्टेपनी म्हणून ठेवाल, तेव्हा तिचे जुने बोल्टही पिशवीत बांधून तिच्याजवळच ठेवा. अलॉयचे बोल्ट लांबी आणि बैठक दोन्हींनी वेगळे असू शकतात, आणि पंक्चर झालेलं कळतं ते रात्री, रस्त्याच्या कडेला.